काळ्या पाच पट्ट्या

पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेला संगीत शिक्षक मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला, आणि तीसुद्धा पट शंभराच्या वर असेल तर. आमचा सगळा पट पन्नासच्या आतला. त्यामुळं वेळापत्रकात ‘कला’ लिहिलेली तासिका आली की गणित शिकवणारा मीच चित्रकलेचा मास्तर आणि मीच गाण्याचा. प्रत्यक्षात त्या तासाला वरून कसली तरी माहिती मागवलेली असते. ती ऑनलाइन भरायला आम्ही दोघं संगणकापुढं आणि पोरं ‘कोणतंही चित्र काढा’वर. ज्यांनी जिल्हा परिषदेत नोकरी केलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मिरज तालुक्यातल्या या शाळेत बदलीनं आलो तेव्हा जडसंग्रह नोंदवही चाळताना ‘हार्मोनियम – १’ अशी नोंद दिसली. मी शाळकरी वयात मध्यमा परीक्षेपर्यंत पेटी शिकलोय. डीएडला गेलो आणि ती सुटली. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “आहे, पण हात लावू नका. निर्लेखन व्हायचंय तिचं.” निर्लेखनाचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर अडकला होता कुणास ठाऊक, वस्तू मोडीत निघायलाही सही लागते. तोवर ती तांदळाच्या पोत्यांमागं होती. बाहेर काढली तर भात्यात उंदरांनी संसार थाटलेला, कातडं कुरतडलेलं, दोन पट्ट्या दाबल्या की वर यायला तयार नाहीत. आवाज मात्र होता. एकाच वेळी तीन-चार सूर बोलायचे, तेही न विचारता.

दुरुस्तीला मिरजेशिवाय दुसरीकडं जायचं कारण नव्हतं. मिरज ओळखली जाते सतार-तंबोऱ्यांसाठी, पण तिथं पेटीचे कारागीरही आहेत. ज्यांच्याकडं मी पेटी नेली त्यांनी ती उघडून सुरांची फळी उन्हात धरली. पितळेच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला होता. एकेक सूर सोडवून त्यांनी साफ केला आणि मग माझ्यासमोरच लावायला घेतला. सूर चढवायचा असेल तर जिभेचं टोक घासायचं, उतरवायचा असेल तर मुळाकडं घासायचं. घासणं असं की बघणाऱ्याला काही निघालंय असं वाटूही नये. एक घासा, जागेवर बसवा, फुंका, ऐका. परत काढा. खर्जाचा म्हणजे खालच्या सुरांचा आणि नराचा म्हणजे त्याच्या वरचा असे दोन्ही संच झाले तेव्हा दिवे लागले होते. भाता नव्यानं मढवला. पैसे शाळेच्या अनुदानातून देता येणार नव्हते, ते वीजबिल आणि खडू-रंगरंगोटीतच संपतं. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लोकवर्गणी काढायचं ठरलं. एका पालकानं त्याच वेळी विचारलं, “पेटीनं स्कॉलरशिपचं काय होणार?” प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्याकडं नव्हतं, म्हणून मी चहा मागवला.

पेटी सगळ्यात आधी कामी आली ती परिपाठाला.

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत, असं रोज सकाळी गाणं होतंच. संगीताची हक्काची वेळ म्हणाल तर हीच, दुसरी कुणी देत नाही. पण रोजचं राष्ट्रगीत जरा कान देऊन ऐका. सुरुवात कुणीतरी करतो, त्याला सापडेल त्या पट्टीत. उंच धरलं तर शेवटाकडचं पहिलं ‘जय हे’ तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, जातं तिथं अर्धी पोरं किंचाळतात आणि उरलेली गप्प होतात. खाली धरलं तर सुरुवातच घशात अडकते. सरांनी सुरू केलं तर आणखी पंचाईत. बाप्याचा आवाज एक सप्तक खाली असतो. लहान पोरं त्याच्या वरचा षड्ज शोधायच्या ऐवजी त्याच्याच पातळीला उतरायला बघतात आणि नुसतं घुमत राहतात. सावकाश म्हणवून घ्यावं तर राष्ट्रगीत ५२ सेकंदांत व्हायला हवं.

मी काळी पाचचा, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीचा, षड्ज धरायला लागलो. तिथून सुरू केलं तर ‘जय हे’ला पोरांच्या आवाजाला जोर पडत नाही. आणि गाऊन दाखवायचं काम मी सोडून दिलं. चौथीत एक मुलगी होती, आजीबरोबर काकडआरतीला जाणारी. तिचा आवाज मोठा नव्हता पण जागेवर पडायचा. रोज पेटीवर सूर, मग ती एकटी पहिली ओळ, मग सगळे. पावसाळा संपेपर्यंत एक गोष्ट झाली. पेटी दुरुस्तीला परत गेली होती (भात्याची एक शिवण उसवली होती), आणि त्या दिवशीही पोरांनी राष्ट्रगीत काळी पाचच्या आसपासच उचललं. मोबाइलवर तपासलं तर अगदी थोडं उतरलेलं होतं. मॅडमना यात विशेष काही वाटलं नाही. मी दुपारभर हवेत होतो.

खरी कसोटी वाजवायला शिकवण्याची. तिसरी-चौथी मिळून सव्वीस पोरं, पेटी एक. शहरातल्या क्लासमध्ये एकाला अर्धा तास मिळतो. आमच्याकडं तासिकेचे भाग पाडले तर एकेकाला दीड मिनिट. त्यात तिसरीतल्या पोराचा हात लहान. उजवा पट्ट्यांवर ठेवला तर डावा भात्यापर्यंत पोचेना, पोचला तर अंग वाकडं आणि मान पट्ट्यांवर. म्हणून दोघांची जोडी केली. एक वाजवणार, एक भाता मारणार, मग अदलाबदल. भात्यावरच्याला आपण दुय्यम आहोत असं वाटायचं, म्हणून हापसा हाणल्यासारखा भाता मारून तो सूड उगवायचा. सूर कर्कश व्हायचा, वाजवणारा कोपर मारायचा. मग मी नियम बदलला: वाजवणाऱ्यानं बोट दाबून धरायचं आणि भातेवाल्यानं एकच सूर हळू, मोठा, परत हळू करून दाखवायचा. पट्टी तीच, बोट हललेलंही नाही, तरी आवाज फुलतो आणि मिटतो, हे पोरांना पहिल्यांदा कळलं तेव्हा भात्याच्या जागेसाठी भांडणं लागली.

बाकीच्या चोवीसांचं काय? व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर खडूनं एका सप्तकाच्या पट्ट्या काढल्या, पुढं एका पालकानं ऑइलपेंटनं पक्क्या करून दिल्या. आत पेटीवर सूर वाजला की बाहेरच्यांनी त्या पट्टीवर उडी मारायची. आधी नुसतं वर गेला की खाली आला एवढंच ओळखायचं, मग दोन सुरांत किती पट्ट्या सुटल्या ते. ऐकणं आधी येतं आणि बोटं त्यामागून येतात, असा माझा आता पक्का समज झालाय. ज्या पोराला फरशीवर ‘सा’पासून ‘प’ सापडतो त्याला पेटीवर तो शिकवावा लागत नाही.

पण ज्या गोष्टीमुळं हे सगळं मार्गी लागलं ती म्हणजे काळ्या पट्ट्या.

पेटीचा पहिला धडा परंपरेनं पांढऱ्या पट्ट्यांवर असतो. सा रे ग म प ध नी सां, मग सारेग, रेगम, गमप. हे अलंकार आवश्यकच आहेत, मी त्यांच्यावरच वाढलो. पण आठ वर्षांच्या पोराला त्यात गाणं ऐकू येत नाही, आणि दीड मिनिटात तर फक्त चुका ऐकू येतात. काळ्या पट्ट्यांचं तसं नाही. त्या उंच असतात, लहान बोटाला चाचपून सापडतात. दोनाचा गट आणि तिनाचा गट, म्हणजे न बघताही आपण कुठं आहोत ते कळतं. दोनाच्या गटावर तर्जनी आणि मध्यमा, तिनाच्या गटावर तर्जनी, मध्यमा, अनामिका. अंगठा आणि करंगळी बाजूला. आणि मुख्य म्हणजे नुसत्या काळ्यांवर काहीही वाजवलं तरी कानाला खुपत नाही, कारण तिथं शेजारी-शेजारी घासणारे सूरच नाहीत.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी आत्ता उठून करून बघावं. काळी तीनला षड्ज मानून फक्त काळ्या पट्ट्या वर वाजवत जा: सा रे ग प ध. भूप. त्याच पट्ट्या, पण षड्ज काळी एकला माना: सा रे म प ध, दुर्गा. काळी दोनपासून धानी. काळी चारपासून सा रे म प आणि कोमल नी, मधमाद सारंग. काळी पाचपासून सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. पट्ट्या पाचच, घर बदललं की राग बदलतो. मूर्च्छनेबद्दल, म्हणजे सूर तेच ठेवून ‘सा’ बदलण्याबद्दल, मी परीक्षेत चार ओळी लिहून गुण मिळवले होते. ती चीज नेमकी काय ते मला या फरशीवर उड्या मारणाऱ्या पोरांबरोबर उमजलं.

जोडीतला एक जण भाता मारता मारता डाव्या बाजूचा षड्ज दाबून धरतो, दुसरा काळ्यांवर फिरतो. एवढंच. ‘सा’वर परत आलास की थांब, एवढी एकच अट. दीड मिनिटात प्रत्येक पोराचं काहीतरी स्वतःचं वाजून होतं. तिसरीतला एक मुलगा, ज्याला वाचायला बसवलं की पोटात दुखायचं, तो काळी दोनवर असा काही रेंगाळायचा की बाकीचे गप्प बसून ऐकत. त्याचं वाचन याने सुधारलं असं मी म्हणणार नाही, ते वेगळ्या कष्टानं आलं. पण पेटीच्या तासाला त्याचं पोट कधी दुखलं नाही.

अडचण गाताना येते. काळी तीनचा भूप वाजवायला सोपा, पण त्या पट्टीत पोरांनी गायचं म्हटलं तर आवाज फार वर जातो. म्हणून आमच्याकडं वाजवायला भूप आणि गायला काळी एकचा दुर्गा अशी वाटणी झाली.

गावातल्या भजनी मंडळाच्या बुवांना हे कळलं. ते एकदा शाळेच्या फाटकाशी थांबले, आतून मालकंस ऐकू येत होता. वेळ साडेअकराची. “मास्तर, रात्रीचा राग उन्हात वाळत घातलाय व्हय?” मी त्यांना आत बोलावलं आणि काळ्या पट्ट्यांचा हिशेब सांगितला. बुवांनी तो मान डोलावत ऐकला आणि बजावलं, की नुसते सूर म्हणजे राग नव्हे. चलन म्हणजे सुरांची चाल लागते, वादी-संवादी म्हणजे रागातले मुख्य सूर लागतात, पोरांना खोटं सांगू नका. बरोबर होतं. मग स्वतःच काळी चारवर बोट ठेवून म्हणाले, “दुपारची शाळा हाय तर सारंग घ्या की. वेळेला धरून हाय.” तेव्हापासून खिचडीची घंटा व्हायच्या आधीची दहा मिनिटं सारंगाची. पोरं त्याला ‘खिचडीचा राग’ म्हणतात. बुवांना हे अजून सांगितलेलं नाही.

बुवांमुळं ठेक्याचं काम सोपं झालं. दादरा सहा मात्रांचा आणि केरवा आठ मात्रांचा, हे फळ्यावर लिहून शिकवायची गरजच नाही. वारीची पावली ज्याला येते त्याच्या पायाला आठ मात्रा माहीत असतात. फक्त ‘धा गे ना ती, न क धी ना’ हे तोंडात बसवायचं आणि टाळीला जोडायचं. पखवाज ते घेऊन यायचे, पण पोरांच्या हाती द्यायला तयार नसत. शाई उडाली तर भरून कोण देणार, हा त्यांचा सवाल. एक ढोलकी मात्र मंडळानं कायमची दिली.

लेझमीच्या वेळी दुसरी एक गोष्ट पुढं आली. लेझीम तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेसाठी बसवत होतो, ढोलकीवर ठेका धरला होता, आणि चौथीतला एक पोरगा बाकावर बोटांनी जे वाजवत होता ते माझ्या ढोलकीपेक्षा कितीतरी नेमकं होतं. विचारलं, “घरी कोण वाजवतं?” “कोण नाही.” दोन-तीनदा विचारलं, उत्तर तेच. मग कळलं की त्याचे आजोबा हलगीवाले. जत्रेला, कुस्तीच्या मैदानाला, वरातीला त्यांचा ताफा जातो. हलगी, घुमकं, कैताळ. पोराला हे सांगायचं नव्हतं, का ते गावात राहणाऱ्याला समजतं. पेटी वाजवणाऱ्याला गावात ‘बुवा’ म्हणतात, हलगीवाल्याला वाड्याबाहेरून हाक मारतात. शाळेत संगीत म्हटलं की त्यात पेटी-तबला येतो आणि हलगी ‘वाजंत्री’त जाते, ही वाटणी पोरं शाळेत यायच्या आधीच शिकलेली असतात.

मी आजोबांकडं गेलो. “शाळंत? हलगी?” एवढंच बोलले आणि दुसऱ्या दिवशी धुतलेल्या कपड्यांत आले. आधी पालापाचोळा पेटवून कातडं शेकलं, बोटानं टिचकी मारून बघितली, परत शेकलं. पोरांचं कोंडाळं भोवती. पेटीचा सूर घासून लावतात आणि हलगीचा शेकून, हे मला वर्गात सांगायला आयतं मिळालं. मग टिपरू आणि काडी घेऊन त्यांनी लेझमीचा ठेका धरला. लेझीम खेळताना पोरांची लय नेहमी पळते. चार हात झाले की दीडपट. आजोबांनी लय पळू दिली नाही. पोरं पुढं गेली की ते एक घाव मोकळा सोडायचे, पोरांचा हात अडखळायचा आणि लय जागेवर यायची. तोंडानं एक शब्द नाही. मी त्या वर्षी शिकलेल्यांत सगळ्यात कामाचं तंत्र हेच. २६ जानेवारीला बुवा आणि आजोबा अशा दोघांनाही शाल-श्रीफळ दिलं. एक-दोन जणांनी नाक मुरडलं. मॅडमनी त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

नातवानं स्पर्धेत हलगी धरली. नंबर आला नाही. परीक्षकांनी गणवेश सारखे नाहीत म्हणून गुण कापले.

आता पालक वेगळं विचारतात. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात हे गावात पोचलंय, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक कधी देता येईल, असं विचारायला तिसरीतल्या पोरांचे बाप येतात. मी नाही म्हणत नाही. या परीक्षांमुळंच खेड्यातल्या माझ्यासारख्याला पेटी शिकायला मिळाली. ज्यांच्यामुळं गाणं वर्गात बसून, तास लावून शिकता यायला लागलं ते विष्णु दिगंबर पलुस्कर इथलेच, कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. पण तिसरीत परीक्षेचा फॉर्म भरला की बापाला रोज तेवढंच ऐकायचं असतं, आणि पोरगं काळी दोनवर रेंगाळायचं बंद होतं. पाचवीत गेल्यावर बघू, असं सांगतो. पाचवीला ती हायस्कूलला जातात, तिथं बघणारं कोण असतं, हा प्रश्न मी त्यांच्यासमोर काढत नाही.

दुसरं वाद्य घ्यायचं यावरून सध्या समितीत वाद चालू आहे. तरुण पालकांना इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड हवा. त्यांचंही म्हणणं पटण्यासारखं आहे: पट्टी बदलता येते, भाता नको, एक पोरगं एकटं वाजवू शकतं. मला जुनी पेटी हवी. आमच्याकडं वीज सकाळी असेल तर दुपारी नसते, आणि भातेवाला काढून टाकला तर शिकणारी पोरं निम्म्यावर येतात. पेटीचे बुवा अर्थातच माझ्या बाजूनं. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं की आकाशवाणीनं १९४० ते १९७१ एवढी वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं तरी ती गेली नाही, मग तुमच्या डब्यानं काय जाणार. आकाशवाणीचा आणि आमच्या व्हरांड्याचा संबंध कुणाला लागला नाही, पण बुवांपुढं कोण बोलणार.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. पेटीच घ्यायची, निम्मे पैसे गणेश मंडळ देणार, बदल्यात गणपतीच्या दहा दिवसांत आरतीला पेटी मंडळाकडं. मी होकार दिला. फक्त ठरावात एक ओळ घालून घेतली, की त्या दहा दिवसांतही सकाळी दहाच्या परिपाठाला पेटी शाळेत हजर पाहिजे, आणि ती आणून पोचवायची जबाबदारी खजिनदाराची.